पत खाणारा धंदा : अमली पदार्थांचा व्यापार आणि विकसनशील देशाचे अर्थकारण



पुण्यात अर्थकारणावर बोलायला उभे राहिले की न्यायमूर्ती रानड्यांची आठवण टाळता येत नाही. १८९२ साली याच शहरात, डेक्कन कॉलेजात, त्यांनी भारतीय अर्थशास्त्रावर व्याख्यान दिले. विलायतेत तयार झालेले अर्थशास्त्राचे सिद्धान्त सर्व देशांना आणि सर्व काळांना सारखेच लागू पडतात असे मानू नका, आधी आपल्या देशाची स्थिती पाहा आणि मग नियम लावा, हे त्या व्याख्यानाचे सार होते. आजच्या विषयाकडे मी त्याच रीतीने पाहणार आहे. अमली पदार्थ शरीराला घातक असतात, घरे उद्ध्वस्त करतात, हे सांगायला अर्थशास्त्र लागत नाही. माझ्यापुढचा प्रश्न वेगळा आहे. ज्या देशाची घडी अजून बसते आहे, ज्याचे कारखाने, संस्था आणि कायद्याचा वचक दोन-तीन पिढ्यांच्या कष्टाने जेमतेम उभे राहिले आहेत, त्या देशाच्या अर्थकारणाचे हा धंदा नेमके काय करतो? माझे उत्तर एका शब्दात आहे आणि तो शब्द आपल्या पेठांमध्ये आणि पतपेढ्यांमध्ये रोज वापरला जातो : पत. हा धंदा देशाची पत खातो. पैसा गेला तर पुन्हा मिळवता येतो. पत गेली तर ती परत यायला पिढी जाते, आणि विकसनशील देशाकडे पैशापेक्षाही तीच कमी असते.

सुरुवात आपल्या दारातून करू. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी सोमवार पेठेत काही जणांना पकडले. त्यांच्याकडे मेफेड्रॉन सापडले. यालाच वर्तमानपत्रे ‘एमडी’ म्हणतात आणि गिऱ्हाइके ‘म्याव म्याव’. तपास विश्रांतवाडीच्या गोदामापर्यंत गेला, तिथे मिठाच्या पाकिटांआड माल दडवलेला निघाला. तिथून धागा गेला पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या कुरकुंभ औद्योगिक वसाहतीतल्या एका रसायन कारखान्यात, आणि पुढे सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडला आणि दिल्लीतल्या गोदामांत. काही दिवसांत सतराशे किलोहून अधिक मेफेड्रॉन जप्त झाले. पोलिसांनी त्याची किंमत साडेतीन हजार कोटी रुपयांहून अधिक सांगितली. कायद्याच्या भाषेत मेफेड्रॉनचे ५० ग्रॅम म्हणजे ‘व्यावसायिक प्रमाण’. तेवढे सापडले तरी किमान दहा वर्षांची सक्तमजुरी आहे. सतराशे किलो म्हणजे तसे चौतीस हजार गुन्हे भरतील एवढा माल, आणि तो आपल्या जिल्ह्यातल्या दौंड तालुक्यात, ऊस आणि कांद्याच्या शिवाराला लागून तयार होत होता. ही प्रकरणे न्यायप्रविष्ट आहेत. कोण दोषी हे न्यायालय ठरवील. आपल्याला इथे व्यक्तींशी कर्तव्य नाही, व्यवहाराच्या रचनेशी आहे.

साडेतीन हजार कोटी हा आकडा तेव्हा घराघरात बोलला गेला. २०२४-२५ साठी पुणे महापालिकेचे अंदाजपत्रक ११,६०१ कोटी रुपयांचे होते, म्हणजे हा आकडा या शहराच्या पाणी, रस्ते, शाळा, दवाखाने या सगळ्या खर्चाच्या जवळपास तीस टक्के. अशी तुलना डोळे उघडते, पण ती फसवीही आहे. २०२० साली चाकणला वीस किलो मेफेड्रॉन पकडले तेव्हा त्याची किंमत वीस कोटी सांगितली गेली, म्हणजे किलोला एक कोटी. २०२३ साली ससून रुग्णालयाच्या दारात पावणेदोन किलोच्या आसपास माल सापडला, त्याची किंमत दोन कोटी चौदा लाख, म्हणजे किलोला सव्वा कोटी. कुरकुंभच्या वेळी हिशेब किलोला दोन कोटींवर गेला. हे भाव शेवटच्या पुडीच्या बाजारातले आहेत, तयार करण्याच्या खर्चाशी त्यांचा फारसा संबंध नाही. भाव आणि खर्च यांच्यातला हा प्रचंड फरक कशाचा आहे, हे मात्र पाहण्यासारखे आहे. त्यातला थोडा भाग जोखमीचा मोबदला असतो. बराचसा भाग डोळेझाक विकत घेण्यासाठी असतो : कुणी गेटवर पाहू नये, कुणी बिल तपासू नये, कुणी साक्ष देऊ नये यासाठी. म्हणून जप्तीचा आकडा हा देशाचा तोटा नव्हे. देशाच्या संस्था विकत घेण्यासाठी बाजारात किती पैसा फिरतो आहे, याचा तो अंदाज आहे.

आता नकाशा उघडा. २०१६ साली ठाणे पोलिसांनी सोलापूरजवळच्या चिंचोळी औद्योगिक वसाहतीतून अठरा टनांहून अधिक इफेड्रिन जप्त केले. इफेड्रिन हा औषधांतच वापरला जाणारा, पण नियंत्रित पदार्थ. आरोप असा होता की तो औषधाच्या वाटेवरून अमली पदार्थ बनवण्यासाठी वळवला जात होता. चाकणच्या मालाचा माग २०२० साली रांजणगावच्या वसाहतीतल्या बंद कारखान्यात लागला. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई पोलिसांनी नाशिकजवळच्या शिंदे गावातला कारखाना उघडकीस आणला, त्या प्रकरणात दीडशे किलोच्या आसपास, तीनशे कोटींचा माल सापडला. मार्च २०२४ मध्ये सांगली जिल्ह्यात कवठेमहांकाळ तालुक्यातल्या इरळी गावात आणि जानेवारी २०२५ मध्ये विट्याजवळच्या कार्वे वसाहतीत तेच. यात तीन तऱ्हा दिसतात : चालू कारखान्यात एक जादा ‘उत्पादन’, बंद पडलेला आणि भाड्याने दिलेला कारखाना, आणि गावाबाहेरची आडबाजूची शेड. तिन्ही ठिकाणी समान गोष्ट अशी की धंद्याने स्वतःचे भांडवल जवळजवळ काहीच आणले नाही. जागा तयार होती, तीन फेजची वीज होती, पाण्याची जोडणी होती, टँकर येण्याजोगा रस्ता होता, रसायने पुरवणारी बाजारपेठ होती आणि रसायनशास्त्र शिकलेली माणसे होती.

हे सगळे आले कुठून? १९५० मध्ये पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा उभी राहिली. १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना झाला. परदेशातून पेनिसिलिन आणणारा देश ते स्वतः बनवू लागला, तो तिथे. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि शेतकऱ्यांच्या जमिनी घेऊन वसाहती आखल्या गेल्या. १९६६ मध्ये हडपसरला सिरम इन्स्टिट्यूट सुरू झाली. सार्वजनिक पैसा, विस्थापितांचा त्याग, शिक्षकांची आणि शास्त्रज्ञांची तीन पिढ्यांची मेहनत यातून या भागात रसायनविद्येचे भांडवल साठले. श्रीमंत देशात बरेचसे अमली पदार्थ बाहेरून येतात आणि त्यांचे ओझे मुख्यतः दवाखान्यांवर आणि तुरुंगांवर पडते. आपल्याकडे हा धंदा विकासाच्या यंत्रणेतच घर करतो. उसाच्या मुळाशी हुमणी लागते तेव्हा सुरुवातीला वरून पीक हिरवे दिसते, आणि उपटल्यावर कळते की मुळे राहिलेलीच नाहीत. विकसनशील देशाचे वेगळेपण इथे आहे, आणि म्हणून श्रीमंत देशांतले निष्कर्ष जसेच्या तसे उचलून चालणार नाही.

पत या शब्दाचा पहिला अर्थ मालाची पत. कुरकुंभ प्रकरणात पोलिसांनी असे सांगितले की काही माल तयार खाद्यपदार्थांच्या पाकिटांमधून लंडनला पाठवला गेला. पुण्याच्या माणसाला याचा अर्थ समजावून सांगायला नको. दिवाळीच्या आधी तीन आठवडे शहरातल्या कुरिअरच्या दुकानांपुढे रांगा लागतात. चकली, चिवडा, अनारसे यांचे डबे चिकटपट्टीने बांधून, वजन करून लंडनला, न्यू जर्सीला, सिडनीला रवाना होतात. त्यामागे बचत गटातल्या बायकांचा, घरगुती फराळ करणाऱ्यांचा, लहान निर्यातदारांचा मोठा व्यवहार उभा आहे. परदेशातल्या कस्टम अधिकाऱ्याच्या मनात एकदा शंका शिरली की ती एका पाकिटापुरती राहत नाही, त्या गावच्या प्रत्येक पाकिटाला चिकटते. सप्टेंबर २०२१ मध्ये गुजरातच्या मुंद्रा बंदरात टाल्क दगडाच्या नावाखाली आलेले २,९८८ किलो हेरॉइन सापडले. अशा घटनांनंतर कंटेनर उघडून पाहण्याची गरज वाढली तर त्याचा खर्च आणि उशीर प्रामाणिक आयातदारालाही सोसावा लागतो. औषध उद्योगाची गोष्ट याहून नाजूक आहे. औषध विकत घेणारा परदेशी ग्राहक गोळीतले रसायन डोळ्यांनी पाहू शकत नाही, तो कागदावर आणि शिक्क्यावर विश्वास ठेवतो. ज्या वसाहतीत औषधाचे मूळ द्रव्य बनते, त्याच वसाहतीत एक शेड सोडून विष बनत होते, ही बातमी त्या शिक्क्यावरची शाई पुसट करते. या तोट्याची नोंद कुठल्याही पंचनाम्यात होत नाही.

दुसरा अर्थ संस्थेची पत. ३० सप्टेंबर २०२३ रोजी ससूनच्या दारात जो माल सापडला, त्या प्रकरणात पोलिसांचे म्हणणे असे होते की येरवडा कारागृहातून उपचारासाठी आणलेला आणि अनेक महिने तिथे दाखल असलेला कैदी रुग्णालयातूनच व्यवहार चालवत होता. दोन दिवसांनी, २ ऑक्टोबरला, तो रुग्णालयातून पळाला. बंदोबस्तावरच्या पोलिसांवर कारवाई झाली, दोन आठवड्यांनंतर त्याला दक्षिणेत पकडण्यात आले. ससून हे पश्चिम महाराष्ट्रातल्या गरिबांचे शेवटचे आशास्थान आहे. ज्याच्याकडे खासगी दवाखान्याची अनामत रक्कम नाही तो माणूस बारामतीहून, मुळशीहून, आंबेगावहून तिथे येतो. एका वॉर्डाची दारे पैशाने उघडतात असा समज पसरला की तो बाकीच्या साऱ्या वॉर्डांवर पसरतो. मग सच्चा डॉक्टर आणि सच्चा हवालदार यांचे कामही अवघड होते, कारण लोक त्यांच्याकडे संशयाने पाहू लागतात. अर्थशास्त्रात याला किंमत आहे. विश्वास नसलेल्या समाजात प्रत्येक व्यवहाराला जामीन लागतो, साक्षीदार लागतो, ओळख लागते आणि अखेर चहापाणी लागते. श्रीमंतांना हा खर्च परवडतो, गरिबांना तो भरता येत नाही, म्हणून ते व्यवहारच सोडून देतात.

तिसरा अर्थ बाजाराची पत. नशेचा पैसा रोख असतो आणि त्याला उजळ व्हायची घाई असते. म्हणून तो अशा जागा शोधतो जिथे कागदावरची किंमत आणि खरी किंमत यांत अंतर ठेवता येते : जमीन, सदनिका, सोने, हॉटेल, बार. दहा वर्षांनी फळ देणाऱ्या यंत्रात तो सहसा जात नाही, कारण यंत्राची बिले, कामगारांची यादी आणि विजेचा वापर हे सगळे माग ठेवतात. समजा एका रस्त्यावर दोन हॉटेले आहेत. एकाचा मालक बँकेचे कर्ज फेडतो आहे, दुसऱ्याला फक्त गल्ल्यावर रोख रक्कम दाखवायची आहे. दुसरा भाडे दुप्पट देईल, थाळी निम्म्या दरात विकेल, कारण तोटा हीच त्याची पैसा धुण्याची मजुरी आहे. पहिला वर्षभरात शटर ओढतो. जिथे तोटा परवडणारा स्पर्धक शिरतो तिथे मेहनत, काटकसर, हिशेबीपणा या गुणांना भाव राहत नाही. ज्या देशाला आपल्या तरुणांनी उद्योजक व्हावे असे वाटते, त्याच्यासाठी याहून वाईट शिकवण दुसरी नाही.

यावर पहिला आक्षेप असा घेतला जातो : पैसा कसाही आला तरी तो फिरतोच, त्यातून मजुरी मिळते, दुकाने चालतात, गरीब देशाने नाक का मुरडावे? राष्ट्रीय उत्पन्न मोजण्याच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीतही बेकायदा उत्पादन तत्त्वतः धरलेले आहे, आणि युरोपातल्या देशांनी २०१४ पासून ते आपल्या आकड्यांत मिळवायला सुरुवात केली. आक्षेप टाकाऊ नाही. अफगाणिस्तानात अफू हेच कित्येक गावांचे नगदी पीक होते. पण पुढे काय झाले पाहा. एप्रिल २०२२ मध्ये तिथल्या सत्ताधाऱ्यांनी बंदी घातली. संयुक्त राष्ट्रांच्या पाहणीनुसार २,३३,००० हेक्टरांवरची लागवड २०२३ मध्ये १०,८०० हेक्टरांवर आली आणि शेतकऱ्यांचे अफूचे उत्पन्न १३६ कोटी डॉलरवरून ११ कोटी डॉलरवर घसरले. इतकी वर्षे इतका पैसा फिरूनही त्या गावांत दुसऱ्या पिकाची पुरेशी बाजारपेठ उभी राहिली नव्हती, म्हणून एका फर्मानाने संसार कोसळले. कोलंबियातही कोकाची पाने पिकवणाऱ्याच्या हाती शेवटच्या भावातला अगदी नगण्य भाग पडतो, मोठा नफा वाहतूक आणि विक्री करणाऱ्यांकडे जातो. या धंद्यात पैसा फिरतो तो वरच्या मजल्यावर, खाली येते ती जोखीम. कुरकुंभसारख्या प्रकरणातही शेवटी वर्षानुवर्षे तुरुंगात बसण्याची वेळ येते ती पगारी माणसांवर आणि पुड्या पोचवणाऱ्या पोरांवर. त्यांना मिळालेला पैसा उत्पन्न म्हणून मोजायचा तर त्यांची गेलेली वर्षेही खर्चात धरायला हवीत.

दुसरा आक्षेप इतिहासातून येतो आणि तो अधिक वजनदार आहे. एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू मुंबईमार्गे चीनला जात होती, त्या व्यापारातून मुंबईचे शेठ श्रीमंत झाले, त्या संपत्तीतून रुग्णालये आणि शाळा उभ्या राहिल्या. मग अफूने मुंबई घडवली नाही काय? घडवली, यात शंका नाही. पण तो व्यापार हिंदुस्थानातल्या त्या काळच्या कायद्याने उघड होता, त्यावर सरकार कर घेत होते, हुंड्या आणि जहाजे नोंदली जात होती. अफूच्या एकूण व्यापाराची किंमत मात्र दुसऱ्या कुणी मोजली. चीनमधल्या घरांनी मोजली आणि आपल्या शेतकऱ्यांनीही मोजली. बिहार आणि बनारसच्या बाजूला सरकारी मक्तेदारीखाली दहा लाखांहून अधिक शेतकरी कुटुंबे अफू पिकवत होती. इतिहासकार रॉल्फ बाउअर यांनी त्या शेतीचा हिशेब मांडला तेव्हा दिसले की सरकार देत असलेल्या भावात लागवडीचा खर्चही निघत नव्हता, उचल आणि दबाव यांमुळे शेतकरी बांधले गेले होते. आणि या शहराला एक अभिमानाची गोष्ट आठवली पाहिजे. आपले नामदार गोखले इंपीरियल कौन्सिलमध्ये अंदाजपत्रकांची चिरफाड करत, एकेक रुपया गरीब रयतेसाठी वाचवू पाहत. सरकारी तिजोरीतला अफूचा पैसा मात्र त्यांना लाजिरवाणा वाटे, कारण तो दुसऱ्या देशातल्या माणसांच्या अधःपतनावर उभा होता. १९०७ च्या कराराने चीनला जाणारी अफू टप्प्याटप्प्याने कमी करण्याचे ठरले तेव्हा हिंदुस्थानच्या तिजोरीला खड्डा पडणार हे सर्वांना माहीत होते. गरीब देशातल्या अर्थकारण्याने तेव्हाही असे म्हटले नाही की पैसा आहे, तो येऊ द्या. त्या वारशाला आपण जागायला हवे.

तिसरा आक्षेप पुढचा आहे : बंदी आहे म्हणूनच नफा आहे, मग बंदी उठवा आणि कर लावा. दारूचे उदाहरण दिले जाते. महाराष्ट्राला उत्पादन शुल्कातून वर्षाला वीस हजार कोटी रुपयांहून अधिक मिळतात. ही गोष्ट खरी आहे आणि तिच्यातच उत्तर आहे. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात आणि त्यातल्या ५ कोटी ७० लाखांना तिच्यापायी मदतीची गरज आहे. माणसांची संख्या पाहिली तर दारूने केलेले नुकसान सर्व बेकायदा पदार्थांपेक्षा मोठे आहे, हे मी निःसंकोच मान्य करतो. पण याचा अर्थ असा की नुसता कर लावल्याने व्यसन आटोक्यात येत नाही, उलट सरकारच त्या उत्पन्नाला लागते. मेफेड्रॉनसारखे रसायन परवाना देऊन विकणे हा उपाय त्यामुळे मला पटत नाही. आक्षेपातला दुसरा अर्धा भाग मात्र मला पटतो : व्यसनी माणसाला गुन्हेगार मानून तुरुंगात कोंबल्याने धंद्याला धक्का बसत नाही. पोर्तुगालने २००१ मध्ये विक्रीवरची बंदी कायम ठेवून वैयक्तिक वापरासाठी थोडा पदार्थ बाळगणाऱ्याला फौजदारीऐवजी उपचाराच्या वाटेला लावले. आपल्या १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातही ६४ अ या कलमात उपचार घेऊ इच्छिणाऱ्या व्यसनी माणसाला खटल्यापासून सवलत आहे. धंदा आणि धंद्याची शिकार यांत फरक करण्याची वाट कायद्यानेच ठेवली आहे, ती आपण क्वचित वापरतो.

पत या शब्दाचा चौथा अर्थ म्हणूनच सर्वांत महत्त्वाचा, आणि तो म्हणजे माणसाची पत. या शहराला हे फार आधी कळले होते. ब्राउन शुगरला मराठीत ‘गर्द’ हे नाव रुळले त्या काळात, ऐंशीच्या दशकात, डॉ. अनिल अवचट यांनी गर्दुल्ल्यांच्या जगाचा शोध घेऊन लिहिले आणि १९८६ मध्ये त्यांनी आणि डॉ. सुनंदा अवचट यांनी येरवड्याला मुक्तांगण सुरू केले. त्यासाठी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी आर्थिक बळ दिले. व्यसनमुक्तीच्या कामात असलेल्यांकडून एक क्रम नेहमी ऐकायला मिळतो. आधी घरातली रोख रक्कम जाते, मग आईचे दागिने, मग मोटारसायकल, मग शेजाऱ्यांची उसनवारी, मग नोकरी. या क्रमात अर्थशास्त्र आहे. प्रत्येक पायरीवर एक पत संपते : आधी बापाचा विश्वास, मग वाण्याची उधारी, मग मालकाचा भरवसा. ज्या तरुणाच्या शिक्षणावर कुटुंबाने गावची दोन एकर जमीन विकली, तो कमवायच्या वयात घरचा सर्वांत मोठा खर्च होतो आणि बहीण शिक्षण सोडून कामाला लागते. आपण सतत म्हणतो की भारत तरुणांचा देश आहे, हे आपले भांडवल आहे. ते भांडवल जपायची तयारी किती आहे? त्याच राष्ट्रीय पाहणीत निघाले की बेकायदा अमली पदार्थांच्या आहारी गेलेल्या दर वीस माणसांमागे जेमतेम एकाला दाखल होऊन उपचार मिळतो. उरलेल्या एकोणिसांतले बरेच जण या धंद्याचे कायमचे गिऱ्हाईक राहतात, आणि कायमचे गिऱ्हाईक असेल तोवर एक कारखाना पकडला की दुसरा उभा राहणारच.

उपाय कोणते? शिक्षा कडक करा, ही पहिली मागणी असते. कायदा आजही कडक आहे, आणि २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात राज्याने संघटित गुन्हेगारीविरोधी ‘मकोका’ कायद्याच्या कक्षेत अमली पदार्थांचे गुन्हे आणण्याचे विधेयकही मंजूर केले. पण कागदावरची शिक्षा वाढल्याने जो धाक बसत नाही तो पकडले जाण्याच्या खात्रीने बसतो, आणि ती खात्री माहितीतून येते. रासायनिक वसाहतीतल्या एखाद्या बंद शेडचा विचार करा. गेटला गंजलेले कुलूप, पाटीवर फिकट झालेले कंपनीचे नाव, आत एक रिअ‍ॅक्टर, एक ड्रायर, कोपऱ्यात निळी प्लास्टिकची पिंपे. कामगार विभागाच्या लेखी तिथे कुणी कामगार नाही. जीएसटीच्या लेखी विक्री शून्य. पण विजेचा मीटर फिरतो आहे, पाण्याचे बिल येते आहे, द्रावकांची पिंपे टेम्पोतून उतरत आहेत. ही प्रत्येक गोष्ट कुठल्या ना कुठल्या सरकारी कार्यालयाला माहीत असते : औद्योगिक महामंडळाला, महावितरणला, प्रदूषण नियंत्रण मंडळाला, औद्योगिक सुरक्षा संचालनालयाला, अन्न व औषध प्रशासनाला. शून्य विक्री आणि चालू मीटर हे दोन कागद एका टेबलावर कधी येत नाहीत, एवढीच त्या शेडची सुरक्षितता आहे. ते कागद दर महिन्याला एकत्र आणणारी एक कायमची यंत्रणा प्रत्येक जिल्ह्यात असायला हवी. तिला नवीन कायदा लागत नाही, या कार्यालयांची इच्छा लागते.

इथे लघुउद्योजक रास्त हरकत घेतील. आधीच तपासनिसांचा ससेमिरा कमी व्हावा म्हणून आम्ही वर्षानुवर्षे झगडलो, आता या निमित्ताने पुन्हा प्रत्येक खात्याचा माणूस दारात उभा राहणार. चिंता खरी आहे, आणि ती माझ्याच म्हणण्याला दुजोरा देते : चोरांमुळे सज्जनांवर पडणारा खर्च हाच या धंद्याचा विकसनशील देशावरचा खरा कर आहे. म्हणूनच मी जादा तपासनीस मागत नाही. माणूस दारात येतो तिथे तडजोडीला जागा राहते. मीटरच्या आकड्याशी तडजोड करणे अवघड असते. उद्योजकांच्या संघटनांनीही स्वतःहून पुढे यावे. शेजारच्या प्लॉटवर रात्रीची शिफ्ट कशाची चालते, कुठला वास येतो, सांडपाण्याचा रंग का बदलला, हे वसाहतीत सर्वांत आधी शेजाऱ्याला कळते. ‘आपल्याला काय करायचे’ हे वाक्य या धंद्याचे सर्वांत स्वस्त संरक्षण आहे.

सरकारकडे माझ्या मागण्या तीन आहेत. जिल्हावार माहितीची जोडणी ही पहिली. न्यायवैद्यक प्रयोगशाळांचे अहवाल आणि विशेष न्यायालयांतले खटले वेळेत संपावेत ही दुसरी, कारण दहा वर्षे रेंगाळणारा खटला साक्षीदाराला थकवतो आणि पैसेवाल्याला पुरतो. तिसरी मागणी अशी की जप्त झालेल्या मालमत्तेच्या विक्रीतून येणारा पैसा जिल्ह्याजिल्ह्यात व्यसनमुक्तीच्या खाटा वाढवण्यासाठी लावावा. ज्या तालुक्यात कारखाना सापडतो, त्या तालुक्यात उपचाराचे एकही सरकारी केंद्र नसणे हा हिशेबातला अन्याय आहे.

शेवटचे बोलणे या शहरातल्या एका वर्गाशी आहे. रसायनशास्त्राचे प्राध्यापक, संशोधक, कारखान्यांतले केमिस्ट आणि उद्या तिथे जाणारे विद्यार्थी इथे बसलेले आहेत. पिंपरीहून निघालेली पेनिसिलिनची कुपी हातात घेणाऱ्या खेड्यातल्या डॉक्टरने आतले औषध कधी तपासून पाहिले नाही, त्याने तुमच्या आधीच्या पिढीवर भरवसा ठेवला. आज जगातल्या गरीब देशांतली आई आपल्या मुलाला पुण्यात बनलेली लस टोचून घेते ती त्याच भरवशावर. ही पत कुणा एका कंपनीची नाही, सरकारची नाही, ती तुमच्या विद्येची आहे. ती विकत घ्यायला रात्री कुणीतरी बंद शेडची किल्ली आणि मोठ्या पगाराचे आमिष घेऊन येईल. त्याला नाही म्हणा, आणि नाही म्हणून थांबू नका, ती शेड कुठे आहे हे सांगा. आपल्या देशाने गरिबीत राहून जे एक धन साठवले ते हेच आहे. ते राखा.